डबा घरी ठेवा, गाळणे बरोबर घ्या



सुट्टी लागली की आपल्या घरांत एक ठराविक दृश्य दिसते. गावाला निघायच्या आदल्या रात्री घरातली बाई ओट्यापाशी उभी असते. दशम्या, खाकरे, चिवडा, लाडू, लसूण न घातलेली शेंगाचटणी, पुऱ्या, मेथीचे ठेपले, सगळे डब्यांत भरले जाते. गाडीत माणसांआधी डबे चढतात. मग आपण तीनशे-चारशे किलोमीटर जातो, नवा मुलूख बघतो आणि जेवायच्या वेळी करकंबचेच जेवण जेवून परत येतो. वर म्हणतो, "तिकडे आपल्या लोकांना खायला काही मिळत नाही."

मीही हेच म्हणत आले. यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आम्ही देवगडजवळ कुणकेश्वरला चार दिवस राहून आलो आणि माझे मत बदलले. ते का बदलले ते सांगते. पटले तर घ्या.

आम्ही सहा जण होतो: सासूबाई, हे, दीर-जाऊ, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी. पहाटे करकंबहून निघालो, पंढरपूर, सांगोला, मिरज करत कुंभोजच्या बाहुबलीला थांबलो. तिथल्या अठ्ठावीस फुटी मूर्तीसमोर उभे राहिले की प्रवासाचा शीण कुठल्या कुठे जातो. दर्शन घेतले, तिथेच सावलीत डबा खाल्ला. मग कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट उतरून संध्याकाळी साडेपाचला कुणकेश्वर. समुद्राला लागून शंकराचे जुने देऊळ, पाठीमागे आंब्याच्या बागा आणि एका नारळी-पोफळीच्या वाडीत आमचे उतरायचे घर.

घर साधे, कौलारू. घरची बाई साधारण माझ्याच वयाची. आम्ही फोनवर आधीच सांगितले होते की राहायची सोय हवी, जेवण नको, आम्ही जैन आहोत. तरी आम्ही पडवीत सतरंजी टाकून डबे उघडले तेव्हा ती बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. म्हणाली, "मासे नको हे समजले हो. पण आमचा भातसुद्धा नको?"

तिने रागाने विचारले नव्हते. त्यामुळेच ते जास्त लागले. मला एकदम आपल्याकडचे आठवले. पौषात कोणी पाहुणे हुरडा खायला शेतावर आले आणि त्यांनी आगटीशेजारी बसून आपल्या पिशवीतला डबा काढला, तर मला काय वाटेल? मी काही बोलणार नाही, पण मनात नक्की म्हणेन की या लोकांना माझ्या घरचे काहीच घ्यावेसे वाटले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही काही उत्तर दिले नाही. सूर्य मावळायच्या आत जेवलो आणि समुद्रावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दशम्यांचा डबा उघडला. कोकणातली दमट हवा आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेसारखी नाही. दशम्यांना वास सुटला होता, चिवडा मऊ पडला होता. जाऊबाई म्हणाल्या, "चिवडा परतून घेऊ, होईल नीट." तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या आमच्या घरात सगळ्यांत कडक. रात्रीचे पाणीसुद्धा घेत नाहीत, अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त असतात. त्या म्हणाल्या, "चिवड्याचे सोड. या डब्यातल्या कुठल्या पदार्थाची मर्यादा शिल्लक आहे ते आधी सांग."

मैत्रिणींनो, इथे थोडे थांबू या. आपण डबा कशासाठी नेतो? धर्म पाळला जावा म्हणून. मग धर्माचाच हिशेब लावून बघा. आपल्याकडे पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली आहे. डाळ-भाताची मर्यादा २ प्रहर म्हणजे ६ तास. पोळी-भाकरीची ४ प्रहर म्हणजे १२ तास, तळलेल्याची ८ प्रहर म्हणजे २४ तास. त्यामागे हेतू एकच, शिळ्या अन्नात जीवोत्पत्ती होते आणि ती हिंसा टाळायची. या हिशेबाने परवा पहाटे केलेली दशमी आज 'आपली' म्हणून खाणे आणि शेजारच्या चुलीवरची गरम भाकरी 'परकी' म्हणून टाकणे, यात धर्म कुठे राहिला? त्यात राहिली ती फक्त सवय.

सासूबाई उठल्या आणि स्वतः त्या बाईकडे गेल्या. आम्ही सगळ्या मागे. त्यांनी हात धरून सांगितले, "बाई, काल तुम्ही विचारले ते खरे आहे. आमचे नियम थोडे फार आहेत. ते सांभाळून तुमच्या घरचे काय खाता येईल?" मग नियम सांगितले: कांदा, लसूण, बटाटा नाही, ओले आले नाही, जमिनीखालचे कंद नाहीत, पाणी गाळलेले, जेवण दिवसाउजेडी आणि मासे शिजलेल्या भांड्यातले काही नाही.

मला वाटले, आता ती कपाळाला हात लावेल. ती हसली. "म्हणजे शिवराकच ना? सोमवारी आमच्यात पण शिवराकच असते. नैवेद्याची भांडी वेगळी असतात माझी."

शिवराक! मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत शाकाहारी जेवणाला हाच शब्द आहे. आणि हा शब्द आपल्या 'श्रावक' शब्दावरून आला असे सांगतात. म्हणजे बघा, ज्या मुलखात आपल्याला काही मिळणार नाही म्हणून आपण डबे भरून गेलो, तिथल्या मासे खाणाऱ्या घरांत सोमवारच्या सात्त्विक जेवणाला आपलेच नाव आहे. कधी काळी तिथल्या लोकांनी श्रावकांना जेवताना पाहिले असेल, त्यांच्याजवळ बसले असतील, त्याशिवाय का शब्द असा घरात शिरतो? दार बंद करून डबा खाणाऱ्यांचे नाव कोणी आपल्या जेवणाला देत नाही.

मग अंगणात मांडवाखाली वेगळी चूल मांडली. आमचा तवा, आमची कढई आणि दोन पातेली होती, बाकी तिची नैवेद्याची भांडी. विहिरीवर गाळणे मी धरले. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यातली जिवाणी हळूच त्याच विहिरीत सोडली, तेव्हा तिची दोन्ही मुले वाकून बघत होती. "काकी, ह्यां कित्याक?" धाकट्याने विचारले. माझ्या मुलीने त्याला समजावले, पाण्यातले बारीक जीव आपल्या घरी परत गेले पाहिजेत म्हणून. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे खोके नेले असते तर हा प्रसंग घडला नसता, आणि जिवाणीही राहिलीच असती.

आता चार दिवसांत काय खाल्ले ते सांगते, म्हणजे "काही मिळत नाही" या वाक्याचा निकाल लागेल.

न्याहारीला घावन. तांदूळ वाटून केलेले पातळ पीठ बिडाच्या तव्यावर ओतले की त्याला जाळी पडते. सोबत नारळाच्या दुधात गूळ-वेलदोडा घातलेला रस. आंबोळी मात्र आम्ही घेतली नाही, कारण तिचे पीठ रात्रभर आंबवतात. घावनाचे तसे नाही, पीठ कालवले की लगेच तव्यावर. हा फरक लक्षात ठेवा, कोकणात उपयोगी पडेल. एके दिवशी शिरवाळे होते. तांदळाच्या उकडीच्या वाफाळत्या शेवया, त्याच रसात बुडवून खायच्या. मुलीने तीन वेळा मागून घेतल्या.

दुपारी तांदळाची भाकरी, भात, ओल्या काजूची उसळ. कांद्याशिवाय ही उसळ होते का, अशी मला शंका होती. ओले खोबरे, धने आणि मिरचीचे वाटण लावून तिने ती अशी केली की कांद्याची आठवणही झाली नाही. कच्च्या केळ्याचे काप तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर खरपूस भाजले होते. बटाट्याच्या कापांवर जीव टाकणाऱ्या आमच्या दिरांनी ते न बोलता संपवले.

एके दिवशी तिने कुळथाची पिठी केली. लसणाऐवजी हिंग, आंबटपणाला कोकम. पहिला घास घेतल्यावर सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपला हुलगा!" खरेच की. आपल्याकडे हुलग्याचे माडगे करतो, शेंगोळे करतो, तेच हे कुळीथ. घाटावर हुलगा, घाटाखाली कुळीथ. माळावरच्या हलक्या जमिनीतही येते आणि कातळाच्या कडेलाही येते, असे हे गरिबाचे कडधान्य. त्या दिवशी दोघी जणी, एक करकंबची आणि एक कुणकेश्वरची, हुलग्यावर अर्धा तास बोलत बसल्या.

सोलकढीत तिच्याकडे लसूण असतो, आमच्यासाठी तिने तो वगळला. सोलकढीबद्दल आणखी एक सांगते. डाळीच्या जेवणावर कच्चे ताक-दही घेतले की आपल्याकडे द्विदलाचा दोष मानतात. सोलकढी नारळाच्या दुधाची आणि कोकमाची, त्यात दूध-दही नाही. त्यामुळे आमटीच्या जेवणावर ती निर्धास्त घ्यावी. आणि हापूसबद्दल काय सांगू? आम्ही देवगड तालुक्यात होतो आणि दिवस हंगामाचे होते, एवढेच पुरे.

नाही म्हणायची वेळही आली. केळफुलाची भाजी तिने मोठ्या हौसेने सोलायला घेतली होती, पण फुले आम्ही वर्ज्य मानतो. फणसाची भाजी आम्ही खाल्ली, सासूबाईंनी घेतली नाही. काही घरांत फणस चालतो, काही घरांत नाही. बाजारात मालवणी खाजे घेताना विचारले, तर गुळाच्या पाकात आले घातलेले, म्हणून ठेवून दिले. 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त आचार्य समंतभद्रांनी मुळा, ओले आले, लोणी, काही फुले सोडायला सांगताना कारण दिले आहे की फळ थोडे आणि घात फार. ते कारण सांगितले की समोरच्याला समजते. नुसते "आमच्यात चालत नाही" म्हटले की भिंत उभी राहते. माझा अनुभव असा की नकाराचे कारण सांगितले तर कोणी रागावत नाही, पण आधीच सगळ्याला नकार देऊन ठेवला तर वाईट वाटते.

आता तुमच्यातल्या काही जणींचे आक्षेप मला इथूनच ऐकू येत आहेत.

पहिला आक्षेप, मासे शिजणाऱ्या घरात जेवायचे म्हणजे काय? आक्षेप रास्त आहे. भांडी वेगळी, चूल वेगळी मिळाली म्हणून आम्ही जेवलो. ती मिळाली नसती तर नारळ, केळी, आंबे आणि आपल्या तव्यावर भाजलेली भाकरी यांवर चार दिवस काढले असते. नियम ढिला करा असे मी म्हणत नाही. "प्रवासात सगळे चालते" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. माझे म्हणणे एवढेच की विचारून बघा. विचारण्याने नियम मोडत नाही.

याच घरात मुलीने मला एकांतात विचारले, "आई, या काकू मासे खातात. मग त्या वाईट आहेत का?" मी तिला म्हटले, "तू ज्या हातचे घावन खातेस तो हात वाईट कसा असेल? आपण अहिंसा आपल्यासाठी घेतली आहे, दुसऱ्यावर रागवायला नाही." डबा खाऊन परत आलो असतो तर हा प्रश्न तिला पडलाच नसता, आणि उत्तरही मिळाले नसते.

दुसरा आक्षेप धर्माचा आहे आणि जास्त खोल आहे. नवनवीन चवी चाखत हिंडणे म्हणजे रसनेचे लाडच की. रसपरित्याग हे आपल्याकडे तप सांगितले आहे. यावर मी बराच विचार केला. मला वाटते, रसनेचे खरे लाड डब्यातच आहेत. आपली चटणी, आपला चिवडा, आपल्या हाताची चव चार दिवस सुटत नाही म्हणून तर डबा भरतो. नियमात बसते ते, समोरच्याने जसे वाढले तसे, पोटापेक्षा थोडे कमी खाणे याला जास्त संयम लागतो. ते करून मग ते रुचकर निघाले, तर त्याचा आनंद मानायला हरकत नसावी.

अक्षय्य तृतीयेची कथा आपण दरवर्षी ऐकतो. भगवान ऋषभदेव आहारासाठी हिंडत होते आणि मुनींना काय द्यावे हे लोकांना कळत नव्हते. कोणी रत्ने पुढे केली, कोणी हत्ती-घोडे. शेवटी हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने घरात होता तो उसाचा रस दिला आणि पारणे झाले. लांबून मागवलेले पक्वान्न नव्हते, त्या जागेचे, त्या ऋतूचे, घरात होते ते होते. आजही आपले मुनी विहार करत कर्नाटकात गेले की तिथल्या श्रावकाच्या घरचा भात घेतात, आपल्याकडे आले की ज्वारीची भाकरी घेतात. त्यांचा चौका कडक असतो, पण डबा नसतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, माझी तक्रार आहे. डबा करतो कोण? प्रवासाच्या आदल्या दोन रात्री जागून आणि सहलीच्या ठिकाणी पहाटे चारला उठून स्टोव्ह पेटवतो कोण? घरच्या बायकांना सुट्टी म्हणजे जागा बदललेले स्वयंपाकघर. कुणकेश्वरला मी आणि जाऊबाई भाजी चिरायला बसायचो, पण ते काम नव्हते, गप्पा होत्या. आणि जेवणाचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडले. तिच्या वाडीतला नारळ, तिच्या झाडाचा काजू, तिचे कष्ट. पॅकेटबंद फरसाणावर घातलेले पैसे कुठे जातात कोण जाणे.

माझी पुतणी इंग्लंडात असते. मागच्या उन्हाळ्यात ती वेल्सच्या समुद्रकाठी एक कॉटेज घेऊन आठवडाभर राहिली. तिला मी फोनवर म्हटले, तुला तर तिथे डब्याशिवाय गत्यंतर नसेल. ती म्हणाली, "काकू, सगळे नाही चालत. इथे समुद्री शेवाळाचा एक पदार्थ करतात, तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, तो सोडला. चीज घेताना त्यातले रेनेट वनस्पतीचे आहे का ते वाचून घेते. पण इथले वेल्श केक लोखंडी तव्यावर भाजतात, अगदी आपल्या दशमीसारखे. शेजारच्या आजीकडून शिकले आणि अंडे न घालता केले. तिने पण खाल्ले." वर म्हणाली की उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे आठला जेवले तरी रात्रीभोजन होत नाही! म्हणजे सातासमुद्रापलीकडे जमते, तर फोंडा घाटाखाली न जमायला काय झाले?

आमच्या त्या चार दिवसांत एक गोष्ट मला फार आवडली. बाकीचे प्रवासी सूर्यास्त बघून मग जेवायला जात. आम्ही सहाच्या सुमारास जेवून, आवरून, हात धुऊन किनाऱ्यावर जायचो. सूर्य पाण्यात उतरेपर्यंत कसली घाई नाही, पोट शांत, मन शांत. शेवटच्या दिवशी ती बाईही आमच्याबरोबर जेवून आली. वाळूत सासूबाईंशेजारी बसली. म्हणाली, "रोज या वेळेला मी चुलीपाशी असते. घराच्या एवढा जवळ समुद्र, पण सूर्य बुडताना बघून किती वर्षे झाली."

निघताना तिने कोकमे आणि कुळथाचे पीठ बांधून दिले. आम्ही आमच्या शिल्लक बेदाण्याची पिशवी आणि ज्वारी तिला दिली. हुरड्याला येण्याचे कबूल करून घेतले आहे. ती आली तर तिला भाकरी, हुरडा, शेंगाचटणी वाढीन, आणि ती डबा आणणार नाही याची मला खात्री आहे.

म्हणून मैत्रिणींनो, या सुट्टीत निघाल तेव्हा एवढेच बरोबर घ्या: एक तवा, एक कढई, एक-दोन पातेली, पाण्याचे गाळणे, आणि रस्त्यातल्या एका वेळेपुरता ताजा डबा. नियम सगळे घ्या, एकही घरी ठेवू नका. बाकीचे डबे मात्र फडताळात राहू द्या. पोहोचल्यावर त्या घरच्या बाईला आधी विचारा, "तुमच्याकडे आज काय आहे?"

जयजिनेंद्र.